३०५ माणसं, १६० कुटुंबं : एका इराणी गावाची खानेसुमारी

शाळामास्तरीण · रविवार, रात्री ९:५०

मंडळी, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दीड महिना घरात आहे. नातवाच्या टॅबवर नकाशे बघत बसते. सध्या मुक्काम इराणात. तिथल्या कुठल्याही खेड्याचं नाव शोधा, दोन ओळी हमखास सापडतात. पहिलीत पत्ता, दुसरीत डोकी. खेळ खलास. हा नमुना बघा:

अब्याने. देहेस्तान बर्झरूद, मध्य बख्श, शहरेस्तान नतंझ, ओस्तान इस्फहान. २००६ च्या जनगणनेत लोकसंख्या ३०५, कुटुंबं १६०.

मी २००१ आणि २०११ अशा दोन जनगणनांत प्रगणक होते. त्यामुळे आकडे दिसले की आपसूक भागाकार होतो. ३०५ भागिले १६०, म्हणजे १.९. घरटी दोन माणसंसुद्धा नाहीत! तेव्हा अख्ख्या इराणची सरासरी घरटी चारची होती. एवढ्या एका भागाकारानं मला ते गाव दिसायला लागलं. म्हातारा-म्हातारी, नाहीतर नुसती म्हातारी. पाळणा नाही, शाळेची घंटाही बहुधा नाही.

मग नादच लागला. कंदोवान, पूर्व अझरबैजान: ६०१ माणसं, १६८ कुटुंबं, म्हणजे ३.६. मेयमंद, केरमान प्रांत: ६७३ आणि १८१, म्हणजे ३.७. या दोन्ही गावांत पोरंबाळं असणार. तिन्ही गावं पर्यटकांची लाडकी, पण अब्यानेचं घर रिकामं झालेलं.

आता विचारायचं ते असं. पत्त्यातले हे चार शब्द आपल्याकडच्या कशाकशाला लागू पडतात? मध्य इराणातल्या यझ्दकडच्या त्या ठणठणीत कोरड्या मुलखात गाव नेमकं तिथेच का वसतं? आणि कुणी प्रत्यक्ष गेलंय का तिकडे?

---

उंटावरचा_शहाणा · रविवार, रात्री १०:१२

नतंझ म्हणजे बातम्यांत असतं तेच ना, अणुभट्टीवालं? मास्तरीणबाई, तुमच्या नातवाच्या टॅबवर नजर ठेवली जातेय, जपून. :)

---

शाळामास्तरीण · रविवार, रात्री १०:२०

तेच. युरेनियम समृद्ध करायचा कारखाना त्याच नतंझ शहरेस्तानात. २००२ मध्ये तो उघडकीला आला आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यावर हल्ले झाले. जगाला नतंझ माहीत आहे ते त्यामुळे. अब्याने मात्र त्याच शहरेस्तानात करकस डोंगराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. माझी चौकशी फक्त म्हाताऱ्यांपुरती आहे, नजर ठेवणाऱ्यांना कळवा.

---

मोडी_वाचक · रविवार, रात्री ११:०५

ताई, धाग्याला खानेसुमारी नाव दिलंत, तिथेच जिंकलंत.

खाने म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. शब्द सरळ फारसीतून आलेला. पेशवाईतल्या कागदांत पुण्याच्या पेठांच्या खानेसुमाऱ्या सापडतात, त्या घरांच्या मोजण्या. गंमत अशी की खुद्द इराण आज जनगणनेला सर-शोमारी म्हणतो. सर म्हणजे डोकं. म्हणजे आपली शिरगणती! त्यांनी डोकी मोजायची आणि आपण घरं, अशी वाटणी झाल्यासारखी. अर्थात त्यांच्याही तक्त्यात कुटुंबाचा रकाना असतोच. त्याला खानेवार म्हणतात. तुमचे १६० ते हेच खानेवार.

पत्त्याचं म्हणाल तर ओस्तान म्हणजे प्रांत, शहरेस्तान म्हणजे ढोबळ मानानं जिल्हा, बख्श म्हणजे तालुका, आणि देहेस्तान म्हणजे आपलं महसुली मंडळ, दहा-वीस किंवा जास्त गावांचा गठ्ठा. त्याखाली देह किंवा रुस्ता, म्हणजे गाव. जुन्या कागदांत गावांच्या यादीला आपण देहेझाडा म्हणतो, त्यातला देह हाच. गावाहून लहान वस्ती, शेताभोवती जमलेली, ती मझरे. कोल्हापूर-कोकणाकडचे लोक इथे असतील तर त्यांनी हात वर करावेत. मजरे अमुक, मजरे तमुक हे आपल्या सातबाऱ्यावर आजही आहे.

आणि एक. इराणात हसनाबाद, अलियाबाद, हुसेनाबाद ढिगांनी आहेत, प्रत्येक प्रांतात दहा. मग ओळखायचं कसं? शेपूट लावून. ओल्या म्हणजे वरचं, सोफ्ला म्हणजे खालचं, कधी मधे वोस्ता. कुठे बोझोर्ग आणि कूचेक. बोझोर्ग म्हणजे आपलं बुद्रुक. खुर्दही तिकडचंच. आंबेगाव बुद्रुकचा पत्ता लिहिताना आपण अर्धी फारसी लिहितो, कुणाच्या ध्यानातही येत नाही.

---

पन्हाळकर_मजरे · रविवार, रात्री ११:३१

हात वर. आमच्या गावाच्या नावाआधी मजरे आहे आणि लहानपणी मला ते मजेचं गाव वाटायचं.

---

पाणक्या · सोमवार, सकाळी ७:४०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. गेली तीस वर्षं भूजल हाच धंदा, औरंगाबादेत.

यझ्द किंवा केरमानचा उपग्रह नकाशा उघडा. एखादं हिरवं ठिपकं, म्हणजे गाव, पकडा आणि तिथून डोंगराच्या दिशेनं सरका. जमिनीवर एका रांगेत खड्डे दिसतील. प्रत्येकाभोवती मातीचं कडं, मुंगळ्यांच्या वारुळांची माळ लावल्यासारखं. ती कनातीची तोंडं. डोंगराच्या पायथ्याला एक खोल विहीर खणतात, तिला मादर-चाह म्हणतात, म्हणजे आई-विहीर. तिथलं पाणी जमिनीखालून बोगद्यानं आणायचं. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी, त्यामुळे काही किलोमीटरनंतर पाणी आपोआप उघड्यावर येतं. ना मोट, ना पंप. वाटेतली ती कडी म्हणजे माती उपसायच्या आणि हवा खेळवायच्या विहिरी.

पाणी जिथे उघड्यावर येतं त्याला मझहर म्हणतात. म्हणून गाव तिथे. आधी घरांजवळून स्वच्छ पाणी जातं, मग बागा, मग शेतं. खेड्याची जागा आधी ठरली आणि मग पाणी शोधलं असं झालंच नाही. पाणी जिथे वर आलं तिथे माणसं बसली. गोनाबादची कस्बे कनात ३३ किलोमीटर लांब आहे आणि तिची आई-विहीर ३०० मीटरच्या आसपास खोल. हे सगळं कुदळी-फावड्यांनी, दिव्याच्या उजेडात. खणणाऱ्यांना मुकन्नी म्हणतात. २०१६ मध्ये अशा ११ कनाती जागतिक वारसा यादीत गेल्या.

आमच्या गावचा संबंध सांगितल्याशिवाय राहवत नाही. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर-ए-अंबरी हीच जात. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा तर जवळचाच भाऊ.

पण खरी मजा पाणीवाटपात. पाळी मोजायला तांब्याचं वाडगं, बुडाला बारीक छिद्र, मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडलं की एक माप झालं. अमक्याला इतकी वाडगी, तमक्याला तितकी. ओळखलंत का? आपल्या लग्नातलं घटिकापात्र! आपण त्यावर मुहूर्त धरला, त्यांनी भांडणं मिटवली. तिकडे वाडग्यापाशी रात्रंदिवस माणूस बसायचा. आपल्याकडचा पाटकरी आठवा.

---

शाळामास्तरीण · सोमवार, सकाळी ८:१५

पाणक्या, चहा गार झाला हो. वारुळांची माळ सापडली. यझ्दच्या अलीकडे एका ठिकाणी तीन माळा एकमेकींना जवळजवळ समांतर आहेत, दोन गावांत पोचतात, तिसरी मधेच विरते. तिच्या टोकाला मातीच्या भिंतींचे चौकोन आहेत, छपरं नाहीत.

---

पाणक्या · सोमवार, सकाळी ८:२२

कनात मेली की गाव मेलं. खोल बोअर आणि पंप आले, पाण्याची पातळी खाली गेली, आई-विहीर कोरडी पडली. ते चौकोन म्हणजे तेच.

---

आखाती_पाहुणा · सोमवार, दुपारी १:३०

मी जाऊन आलोय. २०१७, मस्कतच्या नोकरीतून आठ दिवसांची सुट्टी काढून. तेहरान, काशान, आणि काशानहून टॅक्सीनं अब्याने.

लाल मातीचं गाव. भिंती, गल्ल्या, सगळं विटकरी. उतारावर एकावर एक घरं, खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण. बायकांच्या डोक्यावर पांढरे रुमाल, त्यावर मोठी गुलाबाची फुलं, गुडघ्याखाली येणारे घोळदार घागरे. उंबऱ्यात बसून वाळवलेली सफरचंदं आणि लवाशक विकतात. लवाशक म्हणजे आपली आंबापोळीच, आंब्याऐवजी आलुबुखार. अशी आंबट की कानशिलं दुखतात.

दारांवर दोन वेगवेगळ्या कड्या. एक जाडजूड लोखंडी दांडा, एक हलकी गोल कडी. दांडा पुरुषांनी वाजवायचा, कडी बायकांनी. आवाजावरून आतल्या बाईला कळावं की दार कुणी उघडायचं. मी बघितलेल्या दारांपैकी निम्म्यांवर कड्यांच्या जोडीला कुलूप होतं.

एका आजींकडून लवाशक घेतलं. वाटाड्यामार्फत विचारलं, घरात किती माणसं? म्हणाल्या, सात. आत डोकावलो तर एक गादी, चहाचं पाणी तापवायचा एक समोवार. वाटाड्या हळूच म्हणाला, बाकीचे सहा तेहरानला.

---

शाळामास्तरीण · सोमवार, दुपारी २:०५

पाहुणे, अगदी हेच.

२०११. साताऱ्याकडची एक डोंगरातली वाडी. फॉर्मचा नियम होता की ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो घरात राहणारच नाही त्याची नोंद तिथे करायची नाही. एक आजी, घरात एकट्या. मला म्हणाल्या, लिही, थोरला, त्याची बायको, दोन पोरं, धाकला. मी म्हटलं, आजी, ते मुंबईला मोजले जातील. तर म्हणे, मुंबईला ते भाड्याच्या खोलीत आहेत, घर त्यांचं हे. मी पेन धरून बसले. चूल बघितली, तांब्या एक, ताट एक. एक लिहिलं. आजी माझ्याशी परत बोलल्या नाहीत, निघताना मात्र मूठभर हावरी हातात दिली.

तुमच्या त्या आजींच्या दारात तिथला प्रगणकही असाच बसला असेल. ३०५ मध्ये त्या एक. त्यांच्या मते सात.

---

बीडकर · सोमवार, सायंकाळी ६:५०

मॅडम, फेब्रुवारीचा विषय काढलात म्हणून लिहितो. फेब्रुवारीत आमच्या भागातली गावं जाऊन बघा. दिवाळीनंतर कोयते कारखान्यांवर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जनगणनेच्या वेळी गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेतली पोरं. अख्खी जोडपी उसाच्या फडात, कोप्यांवर. लोकसंख्या खरी कोणती, पोळ्याची का फेब्रुवारीची?

तिकडे जनगणना कुठल्या महिन्यात घेतात?

---

मोडी_वाचक · सोमवार, सायंकाळी ७:२५

बीडकर, लाखाचा प्रश्न. २००६ ची जनगणना त्यांच्या आबान महिन्यात झाली, इराणी सन १३८५. म्हणजे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा मध्य.

आता ताईंचं मेयमंद घ्या. ते गाव डोंगरात कोरलेलं आहे, मऊ खडकात खोदलेल्या खोल्या, २०१५ पासून जागतिक वारशात. लोक अर्धे भटके, शेळ्यामेंढ्या पाळणारे. वर्षाचे तीन मुक्काम. हिवाळा या कोरीव घरांत. हिवाळा सरला की कळप घेऊन माळावरच्या गोठ्यांकडे, त्याला सर-ए-आघोल म्हणतात. उन्हाळा आणि शरदाची सुरुवात वरच्या बागांत, ते सर-ए-बाग. थंडी आली की परत बिळात. म्हणजे आबानात माणसं घरी परतायच्या बेतात असतात. तीच मोजणी मे महिन्यात घेतली असती तर ६७३ चा आकडा दिसलाच नसता. गाव तेच, पत्ता तोच, माणसं डोंगरभर पांगलेली.

धनगर वाड्यांचंही असंच. वाडा पावसाळ्यात मोजा आणि हिवाळ्यात मोजा.

---

खारी_बिस्किट · सोमवार, रात्री ९:१०

पुणेकराची भर. आमच्या कॉलेजजवळच्या इराणी हॉटेलात गल्ल्यावर एक म्हातारबुवा बसायचे. एकदा धीर करून विचारलं, काका, इराणमध्ये कुठले? म्हणाले, यझ्द. मी म्हटलं, शहर? हात उडवून म्हणाले, शहर कसलं डिकरा, गाव, यझ्दपासून गाढवावरून अर्धा दिवस. अंतर सांगायची ही पद्धत मला जाम आवडली होती.

पुण्या-मुंबईचे झरथुष्ट्री इराणी बरेचसे याच पट्ट्यातले. तफ्त, चम, शरीफाबाद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले. त्यांच्या आधी हजारेक वर्षं आलेले ते पारशी. दोघांना एक समजू नका, दोघंही रागावतात.

---

मोडी_वाचक · सोमवार, रात्री ९:४८

खारी, या गावांच्या शिरगणतीचा मुंबईशी थेट संबंध आहे. माणेकजी लिमजी हातारिया हे सुरतेजवळच्या खेड्यात जन्मलेले पारशी गृहस्थ १८५४ साली मुंबईच्या पारशांचे प्रतिनिधी म्हणून इराणात गेले. आपले भाऊबंद तिथे किती उरलेत ते बघायला. मोजले तर जेमतेम सात हजार निघाले, बहुतेक यझ्द आणि आसपासच्या खेड्यांत. त्यांच्यावर जिझिया होता. हातारियांनी शहाच्या दरबारी खेटे घातले, मुंबईहून पैसा आला, आणि १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला.

आता विचार करा, जिथे डोई मोजली की डोईपट्टी लागते, तिथे मोजायला आलेल्याला खरं कोण सांगणार? हातारिया मात्र मुंबईहून मदत घेऊन आलेला स्वधर्मीय. मोजणारा कोण, यावर आकडा ठरतो. पेशव्यांच्या खानेसुमारीतही घरपट्टी डोक्यावर होतीच.

त्यातल्या शरीफाबादेत मेरी बॉइस या इंग्लंडच्या विदुषी १९६३-६४ मध्ये मुक्काम ठोकून राहिल्या होत्या. खेडं चिमुकलं, पण झरथुष्ट्री रीतिरिवाजांबद्दल आज जे बारकावे जगाला माहीत आहेत त्यातले कितीतरी तिथल्या अंगणांतून आले.

---

उंटावरचा_शहाणा · सोमवार, रात्री १०:३०

वाचतोय, मजा येतेय. तरी विचारतो. ३०५ माणसांच्या गावाचा पत्ता पाठ करून करायचं काय? आणि हो, कंदोवानला पर्शियन गाव म्हणू नका, तिथे तुर्की बोलतात.

---

शाळामास्तरीण · सोमवार, रात्री १०:४५

कंदोवानचं बरोबर. सहंद डोंगराच्या ज्वालामुखी राखेचे सुळके आणि त्यात खणलेली घरं, बोली अझेरी तुर्की. अब्यानेची बोलीही तेहरानच्या फारसीपेक्षा निराळी आणि जुनी. इराणी सगळे फारसी नव्हेत, मान्य.

आणि काय करायचं म्हणाल तर गुडघा बरा होईपर्यंत दुसरं आहे काय? १९५६ ला इराणात शंभरातली ३१ माणसं शहरात होती, २०१६ ला ७४. मधली माणसं कुठून उठून गेली त्याचे पत्ते आहेत हे. मी नुसते वाचते.

एक मात्र कुणीतरी समजावा. काही गावांच्या पुढे आकडाच नाही, नुसती चांदणी आहे. काहींपुढे फारसीत काहीतरी तीन शब्द आहेत.

---

मोडी_वाचक · सोमवार, रात्री ११:२०

चांदणी म्हणजे गावात तीन किंवा त्याहून कमी कुटुंबं. आकडा छापला तर कोणाची माहिती आहे ते लगेच कळेल, म्हणून झाकतात.

ते तीन शब्द असतील खाली अझ सकने. सकने म्हणजे राहणारे. राहणाऱ्यांपासून खाली. जागा खाली कर म्हणतो त्यातलं खाली. नाव आहे, पत्ता आहे, माणूस नाही. आपल्या महसुली भाषेत यालाच बेचिराग गाव म्हणतात. विदर्भात रिठी. बे-चिराग, ज्यात दिवा लागत नाही ते. बेचिराख झालं म्हणताना आपल्याला राख आठवते, पण मूळ शब्द दिव्याचा आहे.

---

पाणक्या · मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, तुमच्या त्या विरलेल्या माळेच्या टोकाचं गाव बघितलं. चांदणीसुद्धा नाही.

---

पन्हाळकर_मजरे · मंगळवार, रात्री ८:४०

काल हे वाचून आईला फोन लावला. विचारलं, आपल्या मजऱ्यात रात्री दिवे किती घरांत लागतात? म्हणाली, थांब, ओट्यावर जाऊन बघते. फोन हातात तसाच, चपलांचा आवाज, कुत्रं भुंकलं. मग म्हणाली, नऊ. आणि गुरवाच्या घरात लागतो तो धरला तर दहा, पण तो बटण बंद करायला विसरून गेलाय गणपतीपासून.